‘अहवालासारखं’ लिहिणाऱ्या बायकांची बाजू

“तुमचं लेखन फार अहवालासारखं झालंय.” सामाजिक शास्त्रांच्या विभागांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते कोणाच्या वाट्याला येते याकडे कोणाचे लक्षच जात नाही. आम्हाला वाटते, ते लक्ष देऊन पाहिले पाहिजे. वरवर हा शेरा भाषेवर मारलेला दिसतो. पुष्कळदा तो ती बाई कुठून आली, यावर मारलेला असतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घ्या. एकीकडे पुणे-नगर रस्त्यावरची रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे दौंडचे रेल्वे जंक्शन आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने. भोवती घोड आणि भीमेच्या पाण्यावरचा ऊस. अशा भागात मुलीला शिकवायचे ठरले, तर घरचा हिशेब सरळ असतो: लवकर हाताला काम कशाने लागेल? म्हणून आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. २०२४ सालापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली आहे. तेव्हा या वाटेने येणाऱ्या मुली वाढतील, आणि वाढाव्यात.

यातल्याच काही जणी पाच-सात वर्षे नोकरी करून समाजशास्त्र, समाजकार्य, स्त्री-अभ्यास या विषयांकडे वळतात. कोणी एम.ए.ला नाव घालते, कोणी पुढे पीएच.डी.ला. का वळतात? कारण कामावर त्यांनी असे काही पाहिलेले असते, की ज्याचे उत्तर कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नसते. रक्त तपासणारी मुलगी रोज बायकांच्या हिमोग्लोबिनचे तेच ते खाली गेलेले आकडे लिहिते. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले. हिला ते त्याआधीच तिच्या रजिस्टरने सांगितलेले असते. आकडा तिच्याकडे आहे, ‘का’ हवा आहे. त्यासाठी ती विद्यापीठात येते. आणि तिथे तिला पहिली गोष्ट ऐकवली जाते ती ही, की तुला लिहिता येत नाही.

हे खरे नाही. ही बाई रोज लिहीत आली आहे. पाळी संपताना लॉगबुक, यंत्र बंद पडले की ब्रेकडाऊनची नोंद, वॉर्डात पुढच्या नर्सला दिलेला कार्यभार, तपासणीचा रिपोर्ट. या लेखनाला नियम आहेत, आणि ते कडक आहेत, कारण त्यावर कोणाचा तरी हात किंवा जीव अवलंबून असतो. एका वस्तूला कायम एकच शब्द वापरायचा. वॉल्व्हला एका ओळीत वॉल्व्ह, दुसऱ्या ओळीत झडप आणि तिसऱ्या ओळीत तोटी म्हटले, तर पुढच्या पाळीवरचा माणूस भलतीच चावी फिरवील. आता हीच बाई लघुप्रबंध लिहिते आणि ‘हिंसा’ हा शब्द एका पानात आठ वेळा वापरते. समासात शेरा येतो: पुनरुक्ती टाळा. ती ऐकते. मग एकदा हिंसा, एकदा छळ, एकदा दमन, एकदा अत्याचार असे लिहू लागते. दुसऱ्या बाई शेरा मारतात: संकल्पनांत गोंधळ आहे. खरे तर पहिल्या वेळी गोंधळ नव्हता. तो आपण तिला शिकवला.

दुसरा नियम नकलेचा. कारखान्यात किंवा दवाखान्यात ठरलेली कार्यपद्धती शब्दशः उतरवून घ्यायची असते. शब्द बदलणे हाच तिथे गुन्हा. विद्यापीठात नेमके उलटे: शब्दशः उतरवले आणि कोणाचे ते सांगितले नाही, तर ते वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले की सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, चाळीसच्या वर गेले तर वर्षभर सादर करता येत नाही, साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. नियम योग्यच आहे. दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवू नयेत, हे बायकांना कोणी शिकवायला नको. त्यांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या नावावर खपले आहेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. दहा वर्षे जिला हुबेहूब उतरवण्याबद्दल शाबासकी मिळाली, तिला हा उलटा नियम आधी समजावून सांगायचा, की संगणकाने टक्के काढल्यावर चोर ठरवून?

तिसरा नियम शेवटाचा. तंत्रज्ञ बिघाडापासून सुरुवात करते आणि दुरुस्तीपाशी थांबते. यंत्र चालू झाले, सही केली, विषय संपला. शोधनिबंध आधीचे लोक काय म्हणाले इथून सुरू होतो आणि बऱ्याचदा आणखी एका प्रश्नापाशी थांबतो. तिला वाटते, काम अर्धवट राहिले. म्हणून ती शेवटी ‘उपाययोजना’ नावाचे प्रकरण जोडते आणि त्यात ‘समाजाने जागृत व्हावे’ असे दहा मुद्दे लिहिते. त्यावर हसणारे बरेच असतात. इथे दुरुस्ती न मागता बिघाड नीट समजून घेणे हेच काम आहे, असे तिला पहिल्या सत्रात सांगणारे मात्र शोधावे लागतात.

मुद्दा इथेच आहे. शैक्षणिक लेखनाचे नियम अवघड मुळीच नाहीत. व्हर्निअर कॅलिपर वाचायला शिकलेल्या मुलीला संदर्भ कसा द्यावा, हे दोन दिवसांत समजते. अडचण ही, की हे नियम सांगितलेच जात नाहीत. ते ‘येत असावेत’ असे धरले जाते. कोणाला येत असतात? ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट होते, ज्यांचे वडील-काका प्राध्यापक होते, जेवताना ज्यांच्या ताटाशेजारी वादविवाद वाढला जात होता, त्यांना. त्यांना ते कधी शिकवावे लागले नाहीत, म्हणून त्यांना ते बुद्धीचे लक्षण वाटते. जे घरातून वारशाने मिळते त्याला गुणवत्ता म्हणायचे आणि जे कष्टाने मिळवावे लागते त्याला उणीव म्हणायचे, ही रीत या देशाला नवीन नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या लेखात भारतीय सामाजिक शास्त्रांतली ही उतरंड उघडी केली: सिद्धान्त मांडणारे वर, माहिती गोळा करणारे खाली, आणि ही वाटणी जातीच्या वाटणीसारखीच. त्यात बाईची भर घाला, ग्रामीण भागाची भर घाला आणि तंत्रशिक्षणाची भर घाला. शिरूर-दौंडच्या मुलीला या विद्येच्या घरात कुठली खोली मिळते, ते कळेल. तिने गावोगाव फिरून प्रश्नावली भरून आणाव्यात. अर्थ दुसरे लावतील.

आमच्याच काही मैत्रिणी यावर म्हणतील, “मग हवंच कशाला ते विद्यापीठी लेखन? आपलं काम गावात आहे, वस्तीवर आहे.” ही भूमिका दिसायला बाणेदार आहे, पण ती आपल्याला परवडणारी नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समित्या, न्यायालये, आयोग कागद वाचतात. बीडकडच्या टोळ्या शिरूर-दौंडच्या उसातही येतात, त्यांच्या खोपटांपर्यंत आपल्या आशाताई आणि नर्सबाई पोचतात. पाहिलेले मांडायला त्यांनी दर वेळी दुसऱ्या कोणाची वाट का पाहावी?

आणि हा प्रश्न पदव्यांपुरताही नाही. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची केली. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची आणि संपल्यावर दहा दिवसांत अहवाल द्यायचा. तो अहवाल लिहिणार कोण? समितीवरच्या बायकाच. त्यात घटनाक्रम हवा, दोन्ही बाजूंचे जबाब हवेत, पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष हवा, आणि तो का काढला याची कारणे हवीत. घटनाक्रम कारखान्यातली बाई उत्तम लिहील. कारणमीमांसेपाशी ती अडखळेल, कारण कोणत्याही लॉगबुकात तिला कारणमीमांसेची जागा दिलेली नव्हती. अहवाल लंगडा पडला, तर वकील तो वरच्या पायरीवर मोडून काढतो आणि तक्रार करणारी उघड्यावर पडते. वाद घालणारे लेखन शिकणे ही तिच्यासाठी चैन नाही, हे इथे दिसते.

तेव्हा तंत्राकडून आलेल्या बाईलाही काही सोडावे लागेल, हेही आम्ही स्पष्ट म्हणतो. तिच्या लेखनातला खरा दोष कोरडेपणा नव्हे. खरा दोष असा, की त्या लेखनात कर्ता नसतो. अपघाताच्या नोंदीत वाक्य असते: ‘काम करताना महिला कामगाराचा हात यंत्रात गेला.’ हात गेला! जणू तो स्वतःहून फिरायला गेला होता. गार्ड कोणी काढला होता? टार्गेट कोणी वाढवले होते? ती सलग कितव्या पाळीवर होती? दवाखान्याच्या नोंदीत असते: ‘लाभार्थीने नकार दिला.’ तिने दिला, की सासूने, की नवऱ्याने? की तिला कोणी नीट विचारलेच नाही? ‘व्यवसाय: गृहिणी’ असे लिहिणारी नर्सबाई त्याच बाईला सकाळी शेतावर खुरपताना पाहून आलेली असते. ही भाषा तटस्थ दिसते, पण ती नेहमी वरच्याला वाचवते. शिवाय तंत्रशिक्षणाने बाईला आज्ञा पाळायला शिकवलेले असते. पुस्तिकेशी वाद घालायचा नाही, डॉक्टरांशी वाद घालायचा नाही, इंजिनिअरशी वाद घालायचा नाही. अभ्यासाच्या लेखनात छापून आलेल्या माणसाशी वाद घालणे हेच काम असते. ही सवय तिला लावून घ्यावी लागेल, आणि त्यात तिचा फायदाच आहे.

पण कर्ता लपवण्याचा दोष एकट्या तंत्राचा आहे का? विद्यापीठी मराठी उघडून पाहा. ‘पितृसत्तेच्या परिप्रेक्ष्यात स्त्रीदेहाचे वस्तूकरण होत असल्याचे अधोरेखित होते.’ कोण करते? कोणाच्या देहाचे? कुठल्या गावात, कुठल्या साली? इथेही हात यंत्रातच गेला आहे, फक्त यंत्राचे नाव मोठे आहे. म्हणून एकीला अहवाली म्हणून हिणवायचे आणि दुसरीला वैचारिक म्हणून मिरवायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. दोघींना एकच प्रश्न विचारला पाहिजे: कोणी केले?

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय घडते, याचा एक दाखला सर्वांसमोर आहे. घरकामाला काम म्हणा, हा विचार स्त्रीवादाने मांडला. पण ते किती, हे मोजल्याशिवाय कोणी ऐकेना. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली आणि २०१९ साली पहिली देशव्यापी पाहणी. घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, हे तिच्यातून आले. प्रश्न चळवळीचा होता, मोजणी लॉगबुकाच्या जातीची होती: किती वाजता, काय, किती वेळ. नुसत्या विचाराने हा आकडा निघाला नसता, आणि विचार नसता तर ही मोजणी करायचे कोणाच्या मनातही आले नसते.

आणि हे आपल्या भागाला परके तरी कुठे आहे? दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. रमाबाई संस्कृत पंडिता. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदव्या दिल्या, १८८७ साली त्यांनी इंग्रजीत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहून अमेरिकेतल्या वाचकांसमोर इथल्या स्त्रीचे दुःख मांडले. विद्वत्तेची भाषा त्यांना येत नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याच रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करताना साध्या बायकांना समजेल अशी मराठी निवडली. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम त्यांनी पुरे करत आणले होते; पुस्तक १९२४ साली बाहेर आले. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली ती तिथल्याच छापखान्यातल्या स्त्रियांनी, दुष्काळातून आणि निराधार होऊन आलेल्या स्त्रियांनी. त्यांचा धर्म आपल्याला पटो वा न पटो, एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही: यंत्रावर काम करणाऱ्या बायका आणि ग्रंथ लिहिणारी बाई एकाच आवारात होत्या, आणि लिहिणारीने आपली भाषा यंत्रावरच्या बायकांकडे वळवली.

शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातले संशोधन सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाचे म्हणणे होते, की हाताने काम करत करत माणूस चांगला शिकतो. वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य हे तिथे शिक्षणच आहे. हाताचे शिक्षण खालचे आणि डोक्याचे वरचे, हे या मातीत आधीच खोडून झाले आहे. विद्यापीठाने निदान आपल्याच जिल्ह्यातून तेवढे शिकावे.

म्हणून आम्ही काही गोष्टी मागतो. त्या भीक म्हणून मागत नाही.

लेखन हे कौशल्य आहे, तेव्हा ते कौशल्यासारखे शिकवा. आयटीआयमध्ये फायलिंग शिकवताना आधी नमुना हातात देतात, मग करून दाखवतात, मग चुकलेला तुकडा परत घासायला लावतात. विभागांनी पहिल्याच सत्रात चांगला निबंध, वाईट निबंध आणि त्यांतला फरक समोर ठेवावा, कच्चा खर्डा तपासून परत द्यावा. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमावलीत संशोधकांना द्यायच्या प्रशिक्षणात लेखनाचाही उल्लेख आहे. तो वेळापत्रकात उतरला पाहिजे.

मराठीतून लिहिणाऱ्या मुलीला मराठीत वाचायला द्या. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी फुले-आंबेडकरी विचारातून स्त्रीवादी अध्यापनाचा प्रश्न लावून धरला, वर्गात येणाऱ्या मुलीच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा मागितला. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या विभागांनी समासात ‘अहवालासारखं’ लिहिण्यापूर्वी तिथे नेमके काय कमी आहे, ते एका वाक्यात लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर शेराही मारू नये.

वेळेचाही विचार करा. नियमांत बाळंतपणासाठी संशोधक स्त्रीला २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि प्रबंधासाठी दोन वर्षे जास्तीची. हे मिळाले ते चांगलेच. पण दौंडहून गाडीने आणि शिरूरहून एसटीने पुण्याला जाऊन-येऊन, नोकरी आणि घर सांभाळून ग्रंथालयात बसणाऱ्या बाईचा दिवस त्या नियमात दिसत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयांत संशोधकांना बसायची जागा आणि नियतकालिके मिळाली, तर तिचे कितीतरी तास वाचतील.

आपल्या स्वतःच्या मासिकांकडूनही एक मागणी आहे, आमच्याही. नर्सबाईचा लेख आला की आपण तो ‘अनुभव’ म्हणून मागच्या पानांवर छापतो आणि प्राध्यापिकेचा ‘विचार’ म्हणून पुढे. हे थांबवू या.

आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. पहिला खर्डा बेलाशक लॉगबुकासारखा लिहा: काय, कुठे, किती वाजता, किती. मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. कोणी केले? याआधी यावर कोण काय म्हणाले, आणि ते मला का पटते किंवा पटत नाही? माझे म्हणणे चुकीचे ठरू शकेल, असा पुरावा कोणता? हा तिसरा प्रश्न तुम्हाला परका नाही. टॉलरन्स किती ते लिहिल्याशिवाय तुम्ही माप कधी दिलेले नाही. एका वस्तूला एकच शब्द ही तुमची शिस्त मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. ‘हिंसा’ आठ वेळा लिहावी लागली, तर आठ वेळा लिहा.